दाट महानगरांना साथीचा फटका आधी का बसतो? मुंबईच्या तीन साथींच्या निमित्ताने

परळकर (मूळ लेख)

कोविडची पहिली लाट ओसरून बरीच वर्षे लोटली, तरी "मुंबईत गर्दी आहे म्हणून मुंबईला फटका बसला" या एका वाक्यापलीकडे आपली सार्वजनिक चर्चा फारशी सरकलेली दिसत नाही. गर्दी म्हणजे नेमके काय, ती कुठे मोजायची आणि तिच्यातला कोणता भाग माणसाला आजारी पाडतो, हे प्रश्न विचारलेच नाहीत तर पुढच्या साथीतही आपण गाड्या बंद करू, वस्त्यांच्या तोंडाशी पत्रे ठोकू आणि माणसांना त्याच दहा बाय बाराच्या खोल्यांत कोंडून ठेवू. म्हणून हा धागा काढला आहे. १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि २०२० चा कोविड अशा मुंबईवर आलेल्या तीन मोठ्या साथी समोर ठेवून मी माझे म्हणणे मांडतो. सदस्यांनी त्यात भर घालावी आणि जिथे पटणार नाही तिथे जरूर हरकत घ्यावी.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ताप येऊन, जांघेत आणि काखेत गाठी उठून माणसे दगावू लागली. तिथले रुग्ण तपासणारे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग असल्याचे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफड्याचे; त्यांचा पुतळा आजही धोबीतलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर उभा आहे, पण त्याच्याकडे मान वर करून पाहणारे थोडेच. मांडवी हा बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींनी भरलेला भाग. खाली पोत्यांच्या थप्प्या, त्यांत उंदीर, आणि वरच्या मजल्यांवर व मागच्या अंधाऱ्या खोल्यांत माणसांची बिऱ्हाडे अशी तिथली रचना होती. प्लेग १८९४ साली हाँगकाँगमध्ये भडकला होता आणि मुंबईचा त्या बंदराशी नियमित व्यापार होता. प्लेग मुंबईत आधी आला तो या व्यापारामुळे, आणि तो रुजला तो उंदीर आणि माणूस एकाच छपराखाली राहत असल्यामुळे. या दोन कारणांची सरमिसळ करू नये, एवढाच माझा पहिला मुद्दा आहे.

त्या काळी हा रोग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमों यांनी ते १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले आणि ते मान्य व्हायलाही बरीच वर्षे गेली. तोवर प्रशासनाने घाणीलाच कारण धरले. गटारे समुद्राच्या पाण्याने धुतली गेली, घरांत कार्बॉलिक आम्ल शिंपडले गेले, उजेड यावा म्हणून छपरे उसकटली गेली, आणि राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरे रंगवली गेली. माणसे घाबरून कोकणात, घाटावर आणि गुजरातेत पळाली. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत ७,७६,००६ भरली. भरभराटीला आलेल्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, ही गोष्ट साधी नव्हे.

१८९८ मध्ये मुंबई सुधार मंडळ, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले गेले, दादर-माटुंगा-शीव येथे नव्या वसाहती आखल्या गेल्या. हे काम मोठे होते आणि त्याचा लाभ आपण आजही घेतो. परंतु मंडळाने पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या कमी आणि उशिरा बांधल्या, आणि ज्यांची घरे गेली ते गिरणी किंवा गोदीपासून लांब जाऊ शकत नसल्याने शेजारच्याच चाळींत दाटीवाटीने राहू लागले. त्यामुळे गर्दी कमी होण्याऐवजी शेजारी सरकली.

१९१८ चा अनुभव तर याहून बोलका आहे. जून महिन्यात गोदीवर नेमलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि महायुद्धाच्या आघाड्यांवरून येणाऱ्या जहाजांबरोबर आलेली ही साथ शहरभर पसरली. पावसाळा संपताना दुसरी, कितीतरी अधिक घातक लाट आली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. आता त्या साथीतील समाजवार मृत्यूंची नोंद पाहा. युरोपीय लोकांत दर हजारी सुमारे ८.३, पारशी समाजात सुमारे ९, आणि ज्यांना त्या वेळच्या कागदपत्रांत खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे त्यांच्यात ६१.६ मृत्यू झाले. शहर एकच, बंदर एकच, दर चौरस मैलामागे लोकसंख्येचा सरासरी आकडाही एकच, आणि मृत्यूच्या प्रमाणात सातपटींचे अंतर! सरासरी दाटी हे जर खरे कारण असते, तर हे अंतर इतके कसे पडले असते?

मुंबईत कोविडचे पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले. विषाणू आला विमानतळावरून, म्हणजे सुस्थितीतल्या घरांत आधी. मार्च संपता संपता वरळी कोळीवाडा बंद करावा लागला आणि १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा-शीव-वडाळा भागातील तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणांची, पाहणी केली. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली आणि त्याच प्रभागांतल्या इतर वस्त्यांत सुमारे १६ टक्के. पुन्हा तेच! एकाच प्रभागात, रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे, साडेतीनपट फरक.

माझे म्हणणे असे आहे की महानगराला साथ आधी गाठते ती त्याच्या जगाशी असलेल्या संबंधांमुळे, आणि ती तिथे सर्वाधिक नुकसान करते ते एका खोलीत राहणाऱ्या, एकाच नळावर आणि एकाच संडासावर अवलंबून असलेल्या आणि कामाला गेल्यावाचून चूल न पेटणाऱ्या माणसांचे. नकाशावरची दाटी आणि खोलीतली दाटी या दोन वेगळ्या मोजमापांना आपण एकच नाव दिले आहे, आणि आपल्या उपाययोजनांतला गोंधळ तिथून सुरू होतो.

नीलांबरी

परळकर, लेख आवडला. मी श्वसनविकारांची डॉक्टर आहे, म्हणून खोलीत नेमके काय घडते याबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात: बाधित माणूस किती वेळ जवळ आहे, त्या जागेतली हवा किती वेळा बदलते, आणि तिथे एकूण हवा किती आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात तेव्हा या तिन्ही गोष्टी माणसाच्या विरोधात जातात. खिडकी एकाच बाजूला असेल तर वारा आत येत नाही, कारण त्याला बाहेर जायला वाट नसते. रात्रीचे सात-आठ तास एकाच हवेत श्वास घेतला जातो. रस्त्यावर कोणी शेजारून गेल्याने होणारा संपर्क यापुढे नगण्य आहे. याच कारणाने पुष्कळ साथींत घरातल्या घरात होणारी लागण हा साखळीतला सर्वांत बळकट दुवा ठरतो.

क्षयरोगाने ही गोष्ट आपल्याला कोविडच्या आधीच दाखवून दिली होती. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. कोविडच्या आधी तिथे झालेल्या पाहणीत जिथे उजेड आणि वारा कमी त्या घरांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले होते. ही झोपडपट्टी नव्हती, लक्षात घ्या. झोपडपट्टीतून काढून आपण ज्यांना पक्की घरे दिली, त्यांच्या घरांची ही गोष्ट आहे.

टाळेबंदीच्या काळात मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच होती. एरवी दिवसा खोलीतली निम्मी माणसे कामावर, शाळेत किंवा गल्लीत असतात. टाळेबंदीने त्या सर्वांना चोवीस तास आत बसवले. ज्यांच्या घरात प्रत्येकाला वेगळी खोली आहे त्यांच्यासाठी तो उपाय उत्तम होता. ज्यांच्याकडे एकच खोली आहे त्यांना "घरातच विलगीकरणात राहा" असे सांगणे म्हणजे घरातल्या बाकीच्यांनाही आजारी पडण्यास सांगणे होते.

विरार फास्ट

लेख विचार करायला लावणारा आहे, परंतु लोकलचा उल्लेख इतका ओझरता का? रोज पंचाहत्तर लाखांहून अधिक माणसे ज्या गाड्यांतून जातात, जिथे ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात, त्या गाड्या रोग पसरवत नसतील तर दुसरे काय पसरवणार?

परळकर

विरार फास्ट, प्रश्न रास्त आहे. लोकल निर्दोष होती असे मी म्हणत नाही. पण तारखांचा क्रम पाहावा. उपनगरी गाड्या २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून थांबल्या आणि १५ जूनला केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी मर्यादित स्वरूपात सुरू झाल्या. धारावीतला रुग्णवाढीचा सर्वांत वाईट काळ या दोन तारखांच्या मध्ये, मे महिन्यात आला. म्हणजे लोकल पूर्ण बंद असतानाही ज्या वस्तीत रोग पसरायचा होता तिथे तो पसरला.

लोकलचे खरे काम दूरच्या घरांना एकमेकांशी जोडण्याचे आहे. डोंबिवलीतले एक घर आणि लोअर परळमधले एक कार्यालय यांच्यात एरवी काही नाते नसते. गाडी ते जोडते आणि संसर्गाची ठिणगी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नेते. ती पुढे पेट घेते की विझते, हे त्या घरात वारा आणि जागा किती यावर ठरते. साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत गाड्या थांबवण्याने वेळ मिळतो, आणि तो मोलाचा असतो. मात्र त्या वेळात जर खोलीतल्या माणसाची सोय केली नाही तर मिळालेला वेळ वाया जातो.

आकडेमोड

परळकर आणि नीलांबरीताई, दोघांच्याही मांडणीशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी धाग्याच्या शीर्षकातल्या 'आधी' या शब्दावर अधिक जोर द्यायला हवा असे वाटते, कारण 'आधी' आणि 'जास्त' यांत मोठे अंतर आहे.

मे २०२० च्या अखेरीस राज्यातील निम्म्याहून अधिक रुग्ण एकट्या मुंबईतले होते. त्या वेळी कोणीही हेच म्हटले असते की दाट शहर संपले आणि विरळ गाव वाचले. आता साथ संपल्यानंतरची बेरीज पाहू. अधिकृत नोंदीप्रमाणे महाराष्ट्रात कोविडने सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यू झाले आणि मुंबईत साधारण १९ हजार ७००. म्हणजे राज्याच्या मृत्यूंपैकी मुंबईचा वाटा सुमारे १३ टक्के. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत मुंबईचा वाटा सुमारे ११ टक्के आहे. सुरुवातीला निम्म्याहून अधिक असलेला वाटा शेवटी लोकसंख्येच्या प्रमाणाच्या जवळ येऊन थांबला. शिवाय शहरात चाचण्या अधिक होतात आणि मृत्यूचे कारण डॉक्टरच्या सहीने नोंदले जाण्याची शक्यता अधिक असते, तर गावाकडे घरी झालेला मृत्यू पुष्कळदा कारणाशिवाय नोंदला जातो. हे लक्षात घेतले तर उरलेला फरकही जपूनच वाचावा लागेल.

दुसऱ्या लाटेची सुरुवात आठवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्णवाढीची पहिली मोठी बातमी मुंबईतून आली नव्हती, ती अमरावतीहून आली होती.

महानगरांचा एक वेगळा दोष मात्र खरा आहे आणि त्याचा संबंध दाटीपेक्षा एकूण लोकसंख्येशी आहे. मॉरिस बार्टलेट या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात गोवराच्या नोंदी तपासून दाखवले की सुमारे अडीच ते तीन लाखांपेक्षा लहान गावात गोवर येतो, पसरतो आणि विझतो, कारण लागण होण्याजोगी मुले संपतात. त्याहून मोठ्या शहरात नवी मुले सतत जन्मत आणि येत राहतात, म्हणून रोग कधीच पूर्ण विझत नाही आणि तिथून पुन्हा पुन्हा आसपासच्या गावांकडे जातो. मुंबई महानगर प्रदेशासारख्या ठिकाणी साथ दीर्घकाळ धुमसत राहते त्यामागे हा नियम आहे.

धारावीबद्दलही एक सावधगिरी सुचवतो. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी धारावीचा गौरवाने उल्लेख केला आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचे, डॉक्टरांचे काम त्या गौरवास पूर्णपणे पात्र होते. पण झोपडपट्ट्यांत ५७ टक्के प्रतिपिंडे सापडल्याच्या निष्कर्षाकडे पाहता, धारावी ज्या प्रभागात येते तो त्या पाहणीत नसला तरी, असे मानायला जागा आहे की अशा वस्त्यांत रोग मंदावण्याचे एक कारण बहुतेकांना तो होऊन गेला हेही असावे. त्या मानाने तिथे मृत्यू कमी झाले, याला लोकसंख्येतील तरुणांचे प्रमाणही कारणीभूत आहे.

नीलांबरी

आकडेमोड, धारावीबाबतची आपली सावधगिरी मान्य आहे, तरी एक गोष्ट त्यातून निसटते. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये साडेआठ लाखांच्या आसपास माणसे, आणि त्यांतली बहुतांश सार्वजनिक संडासांवर अवलंबून. अशा ठिकाणी घरगुती विलगीकरण शक्य नाही हे तिथल्या यंत्रणेने पहिल्या काही आठवड्यांतच ओळखले. म्हणून शाळा, क्रीडा संकुल आणि सभागृहे ताब्यात घेऊन बाधितांना व त्यांच्या निकटच्या माणसांना तिथे ठेवले, जेवण दिले, वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन दारोदार तपासणी केली आणि सामुदायिक संडासांची दिवसातून अनेकदा स्वच्छता केली. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, शहराची दाटी कमी करणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांनी खोलीतली दाटी तात्पुरती कमी केली. सर्वांची लागण त्यामुळे टळली नसेल, पण रुग्ण एकाच आठवड्यात रुग्णालयाच्या दारात येण्याऐवजी काही महिन्यांत विभागून आले. ज्यांना त्या काळात प्राणवायूची खाट मिळाली त्यांच्यासाठी हा फरक जीवनमरणाचा होता.

दाभोळकाठ

मी दापोली तालुक्यातला. शहरातून साथ बाहेर कशी पडते, हे गावाच्या बाजूने सांगावेसे वाटते, कारण महानगराचा फटका महानगरापुरता राहत नाही.

एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबईहून चाकरमानी येऊ लागले. त्यांना दोष देणे सोपे होते आणि काही वाड्यांत तो दिलाही गेला. रस्त्यांवर दगड आणि झाडांच्या फांद्या टाकून वाटा अडवल्या गेल्या. पण हे लोक कोण होते? आपलेच भाऊ, पुतणे, लेकी-जावई. नीलांबरीताईंनी वर्णन केलेल्या त्याच खोल्यांतून, काम बंद पडल्यामुळे आणि भाडे देता येत नसल्यामुळे ते निघाले होते. गावात त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवले जाई. शाळेत पंखा असला तर वीज नसे, आणि ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडच्या कित्येक शाळांची छपरेच उडवली. वादळात घर गमावलेले आणि विलगीकरणात असलेले लोक एकाच वेळी निवारा शोधत होते. तपासणीचे नमुने सुरुवातीला मिरजेला जात आणि अहवाल येईपर्यंत माणूस बरा तरी झालेला असे किंवा गंभीर तरी.

परळकर, आपण लिहिलेत की १८९६ मध्येही माणसे कोकणात पळाली. त्या पळण्यातून प्लेग गावोगाव पोचला. महानगर आणि कोकण यांच्यातली ही दोरी सव्वाशे वर्षे तशीच आहे. मुंबईत राहायला धड जागा नाही आणि गावात पोट भरायला काम नाही, म्हणून ती तुटत नाही. गणपतीला येणाऱ्यांच्या विलगीकरणाचे दिवस किती असावेत यावर त्या वर्षी राज्यभर वाद झाला. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राणवायूचे सिलिंडर किती असावेत यावर मात्र कोणी भांडले नाही, आणि ही खंत मनातून जात नाही.

क्वीन्सनिवासी

मी गेली अनेक वर्षे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो आणि परळकरांच्या मुद्द्याला इथल्या अनुभवाची जोड देतो. २०२० च्या वसंतात जगाने न्यूयॉर्ककडे बोट दाखवून म्हटले की उंच इमारतींच्या दाट शहराचे असेच होणार. प्रत्यक्षात न्यूयॉर्कच्या पाच भागांत सर्वांत दाट असलेल्या मॅनहॅटनमध्ये लोकसंख्येच्या मानाने रुग्ण सर्वांत कमी होते. सर्वाधिक फटका बसला तो ब्राँक्सला आणि आमच्या क्वीन्समधल्या कोरोना, एल्महर्स्ट, जॅक्सन हाइट्स या वस्त्यांना. बंगलेवजा घरांचे, कितीतरी विरळ असलेले स्टेटन आयलंडसुद्धा मॅनहॅटनहून अधिक होरपळले.

एल्महर्स्टमध्ये घरे फार उंच नाहीत. पण एका सदनिकेत दोन-तीन कुटुंबे, तळघरात भाडेकरू, आणि त्यांतले बहुतेक जण उपाहारगृहांत, बांधकामावर, घरपोच सामान पोचवण्याच्या किंवा साफसफाईच्या कामात. घरी बसून करण्याजोगे काम त्यांच्याकडे नव्हते आणि पगारी रजाही नव्हती. मॅनहॅटनमधले सधन लोक मार्च महिन्यातच शहराबाहेरच्या घरांत निघून गेले होते. एल्महर्स्टच्या सार्वजनिक रुग्णालयाबाहेर मृतदेह ठेवण्यासाठी शीतवाहन उभे करावे लागले, ते आमच्या रोजच्या रस्त्यावरचे दृश्य होते. त्याच वर्षी अमेरिकेतील नऊशेहून अधिक महानगरी परगण्यांच्या अभ्यासातून असे दिसले की महानगराचा एकूण आकार आणि इतर घटक लक्षात घेतले तर अधिक दाटी असलेल्या परगण्यांत लागणीचे प्रमाण अधिक नव्हते आणि मृत्यूचे प्रमाण उलट कमी होते.

मोकळे आकाश

सर्व वाचले. तरीही माझा प्रश्न उरतोच. इतका खटाटोप करण्यापेक्षा शहरे विरळ का करू नयेत? आता कितीतरी कामे घरून होतात. कार्यालये नाशिक, सोलापूर, रत्नागिरी अशी विखुरली तर साथीचे भयही कमी होईल आणि दाभोळकाठ यांनी लिहिलेला कोकणाचा प्रश्नही सुटेल.

परळकर

मोकळे आकाश, उद्योग आणि नोकऱ्या राज्यभर पसरल्या पाहिजेत यावर माझा पूर्ण विश्वास आहे, मात्र साथ टाळणे हे त्याचे कारण म्हणून मला पटत नाही. १९१८ मध्ये भारतात इन्फ्लुएन्झाने एक कोटी वीस लाख ते एक कोटी ऐंशी लाख माणसे गेली असा अंदाज आहे, आणि तो काळ असा होता की देशातील दहापैकी नऊ माणसे खेड्यांत राहत होती. विरळ वस्तीने त्यांना वाचवले नाही. त्या वर्षी पाऊस हुकला होता, धान्य महाग झाले होते, अंगात त्राण नव्हते, आणि रेल्वेने रोग गावाच्या सीमेपर्यंत आणून सोडला होता. तिथून पुढे ना डॉक्टर होता ना औषध.

दाट वस्तीचे एक बळही आहे, ते आपण विसरतो. केईएम, शीव, नायर ही रुग्णालये, साथरोगांसाठीचे कस्तुरबा, परळची हाफकिन संस्था हे सगळे एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहे, कारण इतकी माणसे एकत्र राहतात म्हणूनच ते परवडते. हाफकिन यांनी प्लेगची लस १८९७ मध्ये याच शहरात तयार केली आणि पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मुंबईने चोवीस प्रभागांतील नियंत्रण कक्षांमार्फत खाटांचे आणि प्राणवायूचे जे वाटप केले, त्याची सर्वोच्च न्यायालयानेही दखल घेतली. सोल आणि टोकियो ही मुंबईसारखीच अफाट महानगरे आहेत, तरी पहिल्या वर्षी तिथले मृत्यूचे प्रमाण युरोपातल्या कितीतरी विरळ प्रदेशांहून कमी राहिले.

आराखडा

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे चर्चेला नियमांच्या पातळीवर नेतो. अन्यथा 'खोलीतली दाटी' हा शब्दप्रयोग चांगला असला तरी हवेत राहील.

प्लेगनंतर सुधार मंडळाने इमारतींसाठी उजेडाच्या कोनाचा नियम स्वीकारला होता. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या खिडकीच्या पायथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढी असू नये, म्हणजेच इमारत जितकी उंच तितके समोरचे अंतर अधिक, असा त्याचा सोपा अर्थ. मंडळाचे प्रमुख ऑर यांनी चाळींतील उजेड आणि वारा हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. त्यांच्या इतर धोरणांवर कितीही टीका झाली, तरी दाट शहरातही प्रत्येक खोलीला आकाश दिसले पाहिजे, हे तत्त्व योग्य होते.

आज आपण उलट्या दिशेला आहोत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत हेक्टरी किमान ५०० घरे बांधण्याची अट होती, आणि २०३४ सालापर्यंतसाठी आखलेल्या सध्याच्या विकास नियमावलीत ती ६५० झाली. वाचकांनी 'किमान' हा शब्द पुन्हा वाचावा. कमाल किती दाटी चालेल हे ठरवण्याऐवजी कमीत कमी किती दाटी हवीच हे नियमाने ठरवले आहे. त्याच योजनांत इमारतींमधली मोकळी जागा कमी ठेवण्याची सवलतही मिळते. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांवर गेले, ही सुधारणा मी कमी लेखत नाही. परंतु तीनशे फुटांच्या घराला एकाच बाजूने तीन मीटरच्या फटीतली हवा मिळत असेल, तर वाढलेल्या पंचाहत्तर फुटांनी फुप्फुसांचे भले होत नाही.

मला तीन-चार गोष्टी तातडीच्या वाटतात. पुनर्वसनाच्या इमारतींना उजेडाच्या कोनाची अट पुन्हा लागू करावी आणि तिच्यात सवलत देण्याचा अधिकार कोणालाच ठेवू नये. प्रत्येक घराला दोन बाजूंनी वारा मिळेल असा आराखडा सक्तीचा असावा. प्रत्येक प्रभागातल्या शाळा, सभागृहे आणि मंगल कार्यालये यांपैकी कोणत्या जागा साथीत विलगीकरणासाठी घेतल्या जातील, तिथे किती संडास आणि किती पाणी आहे, याची यादी साथ नसताना तयार ठेवावी. आणि रोजंदारीवरच्या माणसाला आजारपणात मजुरी कशी मिळेल हे ठरवावे, कारण ताप लपवून कामावर जाणारा माणूस बेजबाबदार नसतो, त्याच्या घरात धान्य संपलेले असते.

विरार फास्ट

आराखडा, आपला प्रतिसाद वाचून माझ्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. मात्र कोणत्या भागात खोलीतली दाटी किती आहे, हे आधीच कळण्याचा काही मार्ग आहे का? की साथ आल्यावरच समजणार?

आकडेमोड

मार्ग आहे आणि तो सरकारच्याच हाती आहे. जनगणनेच्या घरयादीत प्रत्येक कुटुंबाला राहण्याच्या खोल्या किती, माणसे किती, पाणी घरात येते की बाहेरून आणावे लागते आणि संडास घरात आहे की सार्वजनिक, हे सर्व विचारले जाते. २०११ च्या घरयादीनुसार मुंबईतील निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे एकच खोली होती. ही माहिती प्रभागनिहाय मांडून तिच्यावर क्षयरोगाच्या रुग्णांचा नकाशा ठेवला, तर श्वासावाटे पसरणारी पुढची साथ कोणत्या गल्ल्यांत आधी भडकेल याचा अंदाज आजच बांधता येईल. नव्या जनगणनेची घरयादी हाती आली की प्रत्येक प्रभाग कार्यालयाने हे काम पहिल्या वर्षातच करावे, अशी मागणी आपण नगरसेवकांकडे लेखी करू शकतो. परळकर, मसुदा आपण लिहिणार असाल तर आकडे जुळवून देण्याचे काम मी करतो.

परळकर

अवश्य. पहिला मसुदा मी फक्त एम पूर्व प्रभागापुरता करतो, म्हणजे नीलांबरीताईंनी सांगितलेल्या दोन्ही वसाहती त्यात येतील. आराखडा यांनी उजेडाच्या कोनाचे कलम नियमांच्या भाषेत लिहून द्यावे. दाभोळकाठ, चाकरमान्यांच्या मूळ तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांचा मुद्दा जिल्हा परिषदेकडे वेगळ्या पत्राने न्यावा लागेल. त्यासाठी तिथली सद्यस्थिती आपण कळवावी.